आधी चालते का, ते विचारा

दोन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्याच शाळेच्या एका मुलाने तांब्याच्या पत्र्याचा निमुळता डबा मांडला होता. एक टोक रुंद, दुसरे अरुंद, दोन्ही बंद. वर पाटी : ‘न्यूटनचा पराभव! इंधनाशिवाय मंगळावर!’ परीक्षकांनी पहिला क्रमांक दिला. मी व्यासपीठावर होतो. मुलाची पाठ थोपटली, फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तो मराठी आणि कन्नड दोन्ही वर्तमानपत्रांत आला. पाटीवरचे विधान खोटे आहे, हे मला ठाऊक होते. मी बोललो नाही. सीमाभागातल्या मराठी शाळेचा मुख्याध्यापक दर जूनमध्ये पट मोजताना कसा बसलेला असतो, हे ज्यांनी पाहिले आहे ते मला दोष देणार नाहीत. पण मी स्वतःला देतो, म्हणून हे लिहायला बसलो.

त्यात भर पडली एका व्याख्यानाची. वक्ते विद्वान होते. ते म्हणाले, ‘‘हे यंत्र कसे चालते हे शास्त्रज्ञांना अजून उमगलेले नाही, आणि जे उमगत नाही ते नाकारायचे, ही त्यांची जुनी खोड आहे.’’ टाळ्या पडल्या. मी एम.ए. मराठीचा, विज्ञानाचा शिक्षक मिळत नाही म्हणून गेली काही वर्षे नववीला विज्ञान शिकवणारा. तेव्हा माझी पहिली हरकत व्याकरणाची आहे. ‘कसे’ हा शब्द मोठा लबाड आहे. ‘कसे चालते?’ असे विचारले की ‘चालते’ हे आपण न बोलता कबूल करून बसतो. ‘चालते का?’ हा प्रश्न मागच्या दाराने निघून जातो. या यंत्रावरचा वीस वर्षांचा सगळा वाद याच लबाडीवर पोसला गेला.

यंत्राचे नाव ईएम ड्राइव्ह. कल्पना रॉजर शॉयर या ब्रिटिश अभियंत्याची. बंद निमुळत्या धातूच्या डब्यात सूक्ष्मतरंग, म्हणजे आपल्या मायक्रोवेव्ह भट्टीतले तरंग, सोडायचे. ते दोन्ही टोकांवर आपटत राहतात. रुंद टोकावर जोर जास्त, अरुंद टोकावर कमी. म्हणून डबा सरकेल, असे शॉयर यांचे म्हणणे. रॉकेट मागे वायू फेकते, नावाडी मागे पाणी लोटतो. इथे मागे काहीच टाकायचे नाही.

आता एक बादली घ्या. वर रुंद, खाली निमुळती. तिला घट्ट झाकण लावा आणि आत दाबाची हवा भरा. झाकणाचे क्षेत्रफळ बुडापेक्षा मोठे, म्हणून झाकणावरचा एकूण जोर जास्त. मग बादली वर उडते का? नाही. कारण तिच्या तिरप्या भिंतींवरही हवा रेटत असते, आणि तो रेटा उरलेला फरक बरोबर भरून काढतो. शॉयर यांच्या हिशेबात ही तिरपी भिंत नीट धरलेलीच नाही, हाच टीकाकारांचा मुख्य आक्षेप होता. २००६ च्या सप्टेंबरात ‘न्यू सायंटिस्ट’ने या यंत्रावर मुखपृष्ठकथा छापली, तेव्हा सर्वांत कडक निषेध कोणी नोंदवला असेल? ग्रेग इगन यांनी, म्हणजे एका विज्ञानकथालेखकाने! कल्पनेवर ज्याचे पोट, त्याला कल्पना आणि मोजमाप यांतला फरक संपादकांपेक्षा बरा कळला.

मग ‘कसे’ची लाट आली. शॉयर म्हणाले, हे सापेक्षतावादात बसते. अमेरिकेत नासाच्या जॉन्सन केंद्रातल्या ईगलवर्क्स या छोट्या प्रयोगशाळेचे हॅरॉल्ड व्हाइट म्हणाले, यंत्र निर्वात पोकळीतल्या क्वांटम स्पंदनांना मागे लोटत असावे. प्लिमथ विद्यापीठाचे माइक मॅककुलक यांनी जडत्वाची नवीच उपपत्ती मांडली. तिच्यावरील संशोधनाला २०१८ मध्ये अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने सुमारे तेरा लाख डॉलर दिले. मूल जन्मले की नाही याचा पत्ता नाही, आणि बारशाला नावांची यादी तयार!

मोजमापांचे काय झाले? चीनमधील शिआनच्या नॉर्थवेस्टर्न पॉलिटेक्निकल विद्यापीठात यांग जुआन यांच्या चमूने २०१२ मध्ये अडीच किलोवॅटवर ७२० मिलिन्यूटन रेटा मिळाल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे सुमारे ७३ ग्रॅम वजनाइतका. जरा गुणाकार करून पाहा. रेटा गुणिले वेग म्हणजे मिळणारी शक्ती. हा रेटा वेगाबरोबर घटत नसेल, तर सेकंदाला साडेतीन किलोमीटर वेग झाल्यावर यंत्र घेते त्याहून जास्त शक्ती देऊ लागेल. आणि पृथ्वीजवळचे उपग्रह तर सेकंदाला सातापेक्षा जास्त किलोमीटर धावतात. पिठाच्या गिरणीला जोडा, विजेचे बिल कायमचे बंद. हा गुणाकार नववीचा आहे. याच चमूने पुढे विजेची बाहेरून येणारी तार काढली आणि बॅटरी यंत्रावरच बसवली. २०१६ मध्ये त्यांनीच छापले की मोजण्याजोगा रेटा उरला नाही. रेटा देत होती ती तार.

त्याच वर्षी ईगलवर्क्सचा निबंध आला : निर्वात कक्षात किलोवॅटमागे १.२ मिलिन्यूटन. प्रत्यक्षात शक्ती ४० ते ८० वॅट. म्हणजे ८० वॅटला साधारण दहा मिलिग्रॅम वजनाइतका रेटा, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा. निबंधकर्त्यांनी चुकीच्या संभाव्य कारणांची यादी दिली होती. वर्तमानपत्रांनी ती वगळून मंगळ छापला. आलेख पाहिला तर शक्ती सुरू केल्यावर रेटा हळूहळू चढतो आणि बंद केल्यावर हळूहळू उतरतो. दिव्याचे बटण बंद केले की उजेड तत्क्षणी जातो, तवा मात्र गरम राहतो. हे तव्याचे लक्षण आहे, असे टीकाकार तेव्हाच म्हणाले. इतकेच कशाला, याच प्रयोगशाळेने २०१४ मध्ये अशाच जातीच्या दुसऱ्या एका यंत्राच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. त्यात रेटा देणाऱ्या खाचा पाडलेला एक नमुना होता आणि खाचा न पाडलेला दुसरा. रेटा दोन्हींनी दिला! देवासमोर नारळ फोडला तरी पाऊस आणि न फोडला तरी पाऊस, तर पाऊस नारळाने आला असे म्हणायचे नसते.

खरे काम केले ते जर्मनीत ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात मार्टिन टायमार यांच्या चमूने. २०१८ मध्ये त्यांनाही रेटा दिसला. मग त्यांनी मध्ये अडथळा घालून डब्यात जाणारे तरंग जवळजवळ संपवले. रेटा तसाच राहिला. संशय गेला तारांतल्या प्रवाहाकडे आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राकडे. २०२१ मध्ये त्यांनी शेवट लावला : तापल्यामुळे तराजूवरची मांडणी किंचित सरकते आणि तोच सरकाव रेटा म्हणून नोंदला जातो. मांडणी सुधारली, रेटा गेला. त्याच शक्तीचा प्रकाशझोत नुसता बाहेर सोडला तर किलोवॅटमागे ३.३ मायक्रोन्यूटन रेटा मिळतो. टायमार यांच्या मोजणीत ईएम ड्राइव्हला तेवढाही मिळाला नाही.

आता सांगा, व्याख्यात्यांनी ज्यांना हटवादी म्हटले ते हेच ना? ‘अशक्य’ म्हणून हात झटकायचे सोडून त्यांनी वर्षानुवर्षे तराजू घडवला. आइन्स्टाइननेही न्यूटनला उलथवले होते, हे उदाहरण टाळ्यांचे आहे, पण गैरलागू आहे. संवेग अक्षय्य राहतो हे आइन्स्टाइनच्या जगातही तितकेच खरे आहे. एमी नोथर या गणितज्ञ बाईंनी १९१८ मध्ये दाखवले की जागा बदलली तरी निसर्गाचे नियम बदलत नाहीत, यातूनच संवेगाची अक्षय्यता निघते. आम्हा सीमेवरच्यांना हे समजायला सोपे. कोगनोळीचा नाका ओलांडला की पाट्या बदलतात, एस.टी. बदलते, पडणारा दगड कागलला आणि निपाणीला सारखाच पडतो. संवेग हा शब्ददेखील मराठीत आणि कन्नडमध्ये एकच आहे.

पण व्याख्यात्यांवर तोंडसुख घेऊन मी सुटत नाही. आमच्या प्रयोगशाळेत लंबकावरून गुरुत्वत्वरण काढतात. मुलाचे उत्तर ९.१ आले की तो शेजाऱ्याच्या वहीत पाहून ९.८ लिहितो, आणि मी लाल शाईने बरोबरची खूण करतो. वर्षानुवर्षे केली आहे. ज्याला आम्हीच हवा तो आकडा लिहायला शिकवले, त्याने ‘न्यूटनचा पराभव’ लिहिले तर तो कोणाचा अपराध?

गेल्या श्रावणात त्या मुलाला बोलावले. आता तो अकरावीला आहे. पाटी चुकीची होती आणि मला ते तेव्हाच माहीत होते, हे दोन्ही सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. ‘‘सर, मग बक्षीस का घेऊ दिलं?’’ एवढेच म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हते. मग आम्ही तोच डबा दोऱ्याने छताला टांगला, आत मोटारीचा बल्ब बसवला, बारीक तारांनी बॅटरी जोडली. बल्ब लावला की डबा हळूच वळायचा. तिसऱ्या दिवशी त्याने आपणहून बल्ब डब्याबाहेर काढला आणि त्याच तारांवर खाली लोंबत ठेवला. आत पूर्ण अंधार. बॅटरी जोडली. डबा वळला, जवळजवळ पूर्वीइतकाच.

‘‘सर, हेच लिहू?’’

‘‘लिही,’’ मी म्हटले, ‘‘आणि किती अंश वळला तेही. शेजारच्या वहीत बघू नकोस.’’