तेल आणि खेचरें

एखाद्या हुकुमशहानें दुबळ्या राष्ट्रावर स्वारी केली कीं, “आर्थिक बहिष्कारानें कांहीं साधत नाहीं; अबिसीनियाच्या वेळीं तें सिद्धच झालें आहे,” असें सांगणारे शहाणे पुढें सरसावतात. अबिसीनियाच्या वेळीं बहिष्कार म्हणून काय केलें गेलें, हें या मंडळींनीं एकदां तपासून पाहावें.

३ ऑक्टोबर १९३५ रोजीं मुसोलिनीच्या फौजा अबिसीनियांत शिरल्या. दोन्ही राष्ट्रें राष्ट्रसंघाचीं सभासद होतीं. चारच दिवसांत संघाच्या कौन्सिलानें इटलीला करारभंगाबद्दल दोषी ठरविलें व १८ नोव्हेंबरपासून बहिष्कार सुरू झाला. इटलीला शस्त्रें, कर्ज, रबर, कथील, इतकेंच काय पण ओझ्याचीं खेचरेंही देऊं नयेत असें ठरलें! मात्र ज्यावर रणगाडे धांवतात व विमानें उडतात तें तेल यादींतून वगळलें. सुएझचा कालवाही उघडाच राहिला. इटलीचीं सैन्यवाहू जहाजें रीतसर कर भरून त्यांतून जात होतीं.

अमेरिका संघाबाहेर होती, तिनें तेल विकलेंच असतें, असा आक्षेप घेतात. तो निराधार नाहीं. परंतु तें तेल पूर्व आफ्रिकेंत न्यावयाचें कोणत्या वाटेनें? कालवा बंद झाल्यावर आफ्रिकेला वळसा घालून लाखोंची फौज पोसणें इटलीला किती दिवस झेपलें असतें?

दुसरा आक्षेप असा कीं, मुसोलिनीला दुखविलें असतें तर तो हिटलरला मिळाला असता. याच भयानें होर व लाव्हाल यांनीं त्या डिसेंबरांत अबिसीनियाचा मोठा लचका तोडून त्याला देण्याची योजना आखली. ती फुटली, होर यांचें मंत्रिपद गेलें, पण तेलबंदी कांहीं आली नाहीं. ५ मे १९३६ रोजीं आदिस अबाबा पडलें. विषारी वायूनें होरपळलेल्या प्रजेचें गाऱ्हाणें सम्राट हेले सेलासी यांनीं ३० जून रोजीं जिनीव्हास मांडलें; १५ जुलैस बहिष्कारच उठला. आणि इतकें गोंजारूनही १० जून १९४० रोजीं मुसोलिनी हिटलरच्या बाजूनें युद्धांत उतरलाच.

१९३५ सालीं टाळलेलें हें देणें पुढें व्याजासह फेडावें लागलें. १९४१ च्या मार्चांत केरेनच्या डोंगरांवर तें फेडणाऱ्यांत मराठा पलटणीचे जवान होते. हिंदुस्थानचें नांव संघाच्या सभासदांत होतें खरें. धोरण मात्र लंडनांत ठरत होतें.

पूर्ण बहिष्कारांत युद्धाचा धोका नव्हता, असें मी म्हणत नाहीं. परंतु अर्धवट बहिष्कारानें तो धोका टळला नाहीं. आक्रमकाला डिवचून मोकळें सोडलें, एवढेंच झालें. स्वतःच्या पदराला खार लावून न घेतां दुसऱ्याचें स्वातंत्र्य राखतां येत नाहीं. म्हणून यापुढें बहिष्काराची कोणतीही यादी हातीं आली, तर वाचकांनीं प्रथम एवढेंच पाहावें कीं, तींत तेल आहे, कीं नुसतीं खेचरें आहेत?