सर्वांत मागे राहणाऱ्याचे वेळापत्रक

दिवाळीची सुट्टी जवळ आली की अनेक शाळांतून डोंगरातल्या शिबिराचे बेत रंगू लागतात. मोटाररस्ता सोडायचा, पाठीवर सामान घ्यायचे आणि दोन रात्री तंबूत काढायच्या. बेत उत्तमच आहे. पण अशा सहलींच्या आखणीचे जे कागद माझ्या पाहण्यात आले, त्यांत पोह्यांचा नि बटाट्यांचा हिशेब अगदी चोख असतो; चालण्याचा हिशेब मात्र 'सकाळी ८ वाजता प्रस्थान, दुपारी १ वाजता आगमन' एवढ्या एका ओळीत उरकलेला असतो. हा १ कोठून आला, असे विचारून पाहा. बहुधा तो कोणा धडधाकट माजी विद्यार्थ्याने सांगितलेला असतो. माझे म्हणणे असे की, ही ओळ तुम्ही स्वतः गणित करून लिहावी, आणि ते गणित तुकडीतील सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या पावलाने करावे.

गणित मुळीच अवघड नाही. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा सांगितला. आजच्या मापांत तो असा: दर ५ किलोमीटर अंतराला १ तास, आणि दर ६०० मीटर चढणीला आणखी १ तास. अंतर आणि चढण नकाशा सांगतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. वाटेच्या वळणांवरून दोरा फिरवा आणि तो फूटपट्टीवर मोजा. मग चढताना किती समोच्च रेषा ओलांडाव्या लागतात ते पाहा; लगतच्या दोन रेषांत साधारणतः २० मीटर उंचीचा फरक असतो. समजा, दोरा २० सेंटिमीटर भरला आणि रेषा ३० निघाल्या. म्हणजे १० किलोमीटरला २ तास आणि ६०० मीटरला १ तास, एकूण ३ तास.

पण हे ३ तास कोणाचे? तरबेज, न थांबता चालणाऱ्या प्रौढ माणसाचे. तुमच्या तुकडीचे नव्हेत. म्हणून आधीच्या एखाद्या रविवारी गावाजवळच्या टेकडीवर सगळ्यांनी सामानासह चढून पाहावे. जो सर्वांत शेवटी पोचेल त्याच्या वेळेला ठोकताळ्याने आलेल्या वेळेने भागावे. भागाकार दीड आला, तर ३ तासांचे साडेचार झाले.

अजून एक गोष्ट उरते, ती ठोकताळ्यात येत नाही. रतनगडाच्या किंवा कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. शिडीवरून एका वेळी एकानेच चढावे. प्रत्येकाला १ मिनिट लागले, तरी ३० जणांना अर्धा तास हवा. आता गंमत पाहा. पहिला मुलगा वर जाऊन अर्धा तास विसावतो, पाणी पितो, चिक्की खातो. तिसावा धापा टाकीत वर येतो, त्याच क्षणी पुढचे म्हणतात, 'आले सगळे, चला!' ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत अधिक, त्याला ती सर्वांत कमी मिळते. प्रत्येक थांब्यावर हेच घडते आणि मागचा अधिकाधिक मागे पडत जातो.

रतनगडाहून हरिश्चंद्रगडाकडे जाताना आमच्या तुकडीत नेमके हेच घडले. मागे राहिलेले तिघे अंधार पडल्यावर गुरांच्या वाटेला लागले. रात्री ९ वाजता ते सापडले तेव्हा एका कातळावर एकमेकांना बिलगून बसले होते. जवळचे पाणी दुपारीच संपले होते. मी सर्वांत आधी मुक्कामाला पोचलो होतो, आणि त्याबद्दल मला शाबासकीही मिळाली होती.

तेव्हा सावकाश चालणाऱ्याला वाटाड्याच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. त्याचे थोडे ओझे धावऱ्या मंडळींच्या पाठीवर द्या, म्हणजे त्यांचाही वेग आपोआप उतरेल. सर्वांच्या शेवटी एक जाणता माणूस असावा, त्याच्या गळ्यात शिट्टी असावी, आणि त्याच्या मागे कोणीही राहू नये.

पाण्याचा हिशेबही आधी मांडा. माणशी ३ लिटर धरले, तर ३० जणांना दिवसाला ९० लिटर, म्हणजे ९० किलो पाणी लागेल. दोन दिवसांचे पाणी वाहून नेणे शक्यच नाही. म्हणून मुक्काम कोठे करायचा हे पाणी ठरवते. पावसाळ्यात धो धो वाहणारे सह्याद्रीचे ओढे पुढे आटतात. अमुक टाके भरलेले आहे की नाही, हे पुस्तकाला नव्हे, पायथ्याच्या गावकऱ्यांना विचारावे. कळसूबाई–हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे. तेथे राहण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. शेकोटीचा हट्ट तर सोडूनच द्या. कड्यावरच्या आग्या मोहोळाला धूर लागला, तर पळायला वाट मिळत नाही.

कोणी म्हणेल, आता मोबाइल आहे, एवढी आकडेमोड कशाला? उपग्रहांचे संकेत नेटवर्क नसतानाही मिळतात हे खरे, मात्र नकाशा आधीच उतरवून घेतलेला हवा. पण मोबाइल सांगतो तो आपण कोठे आहोत एवढेच. आपल्या मागचा कोठे आहे, हे त्याला ठाऊक नसते.

डिसेंबरात सूर्य ६ च्या सुमारास मावळतो, दरीत तर त्याआधीच काळोख होतो. म्हणून ४ वाजता मुक्काम गाठायचा असे धरून उलटे मोजा: चालण्याचे साडेचार तास, शिडीचा अर्धा, जेवणाचा नि विसाव्याचा एक. म्हणजे १० च्या पुढे निघणे नाही. अर्ध्या वाटेवरच्या खिंडीची वेळही कागदावर लिहून ठेवा. ती टळली, तर मागे फिरून पायथ्याच्या गावी मुक्काम करायचा. त्यावर तेथे चर्चा नको.

या कागदाची एक प्रत गावच्या पोलीस पाटलांकडे ठेवावी. तीत सर्वांची नावे, वाट, मुक्काम आणि परत उतरण्याची वेळ असावी. उतरणीची वेळही त्याच सावकाश पावलाने काढा, घसाऱ्यावर उतरायलाही वेळ लागतो; नाहीतर तुम्ही मजेत उतरत असाल आणि गावकरी बिचारे बॅटऱ्या घेऊन तुम्हाला शोधायला निघतील.