जपानी चित्रकथांतील तर्जनी

जपानी चित्रकथांवर आणि त्यांच्यावरून निघणाऱ्या चलच्चित्रांवर आपल्याकडील रसिकवर्ग जे आक्षेप घेतो, त्यांतला एक इतक्या वेळां ऐकूं येतो कीं तो आतां जवळजवळ सिद्धांताच्या पदवीस पोंचला आहे. तो असा कीं, या चित्रांतील माणसें बोट रोखल्यावांचून बोलूंच शकत नाहींत. गुन्हेगार ओळखावयाचा असो, शत्रूस आव्हान द्यावयाचें असो, किंवा वर्गांतल्या सोबत्यास डबा विसरल्याबद्दल दटावावयाचें असो, पात्राचा हात खांद्यापासून ताठ सुटतो, तर्जनी कागदाच्या बाहेर येऊं पाहते, चोहोंकडून रेषा तिच्याकडे धांव घेतात आणि मागचें घर, झाड, आकाश सारें लोपून जातें. हें नाटकी आहे, पोरकट आहे, म्हणून कलेच्या प्रांतांत त्याची गणना होऊं शकत नाहीं, असा निकाल देऊन आमचे टीकाकार मोकळे होतात.

माझें म्हणणें असें कीं हा निकाल चुकीचा आहे. इतकेंच नव्हे, तर तो चुकीच्या कलमाखालीं दिलेला आहे. या बोटावर खटला भरण्यास खुशाल जागा आहे. पण नाटकीपणा हा त्याचा गुन्हा नव्हे.

नाटकीपणाचा आरोप करणारांच्या मुखीं बहुधा हॅम्लेटनें नटांस केलेला उपदेश असतो. हातवारे आवरा, भावनेच्या ऐन वादळांतहि संयम सोडूं नका, असा त्याचा आशय. हा उतारा वर्गांत शिकवीत माझीं तीस वर्षें गेलीं, तेव्हां त्याची थोरवी मला कोणी नव्यानें सांगावयास नको. परंतु तो उपदेश हाडामांसाच्या नटासाठीं आहे. अशा नटाजवळ क्षणोक्षणीं पालटणारा चेहरा असतो, श्वास असतो, आवाजाचा कंप असतो. त्यानें दोन्ही हात खिशांत घातले तरी त्याच्या मनांतलें लपत नाहीं. चितारलेल्या माणसाजवळ यांतलें काय असतें? चित्रपटाच्या पट्टीवर सेकंदास २४ चौकटी धांवतात. ओसामू तेझुकानें १९६३ सालीं ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका दूरचित्रवाणीवर आणली, तेव्हां दर आठवड्यास अर्ध्या तासाचा खेळ पुरा करावयाचा तर प्रत्येक चौकटीसाठीं निराळें चित्र काढणें पैशाच्या व मनुष्यबळाच्या दृष्टीनें अशक्यच होतें. म्हणून एकच चित्र तीन तीन चौकटी धरून ठेवावें, ओठ तेवढे हलवावेत, बाकीचा देह स्थिर असावा, अशी काटकसर रूढ झाली. सेकंदाला जेमतेम आठ चित्रें ज्याच्या वांट्यास येतात, त्यानें सूक्ष्म अभिनय करावा तरी कशानें? त्याला अशी मुद्रा हवी कीं जी एकाच चित्रांत पुरी होईल आणि हालचाल थांबल्यावरहि बोलत राहील. रोखलेलें बोट ही ती मुद्रा होय.

कागदावरच्या चित्रकथेची, म्हणजे मांगाची, गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथें आमचे विद्वान मित्र लेसिंगला साक्षीस बोलावतात. १७६६ सालच्या ‘लाओकून’ या ग्रंथांत लेसिंगनें चित्रकारास व शिल्पकारास बजावलें आहे कीं भावनेचा परमोच्च क्षण निवडूं नये. त्याच्या अलीकडचा निवडावा, म्हणजे पुढचें पाहणाराची कल्पना पुरें करील. दंडक उत्तम आहे. पण लेसिंगच्या डोळ्यांपुढें कायमचें उभें राहिलेलें एकटें शिल्प होतें. मांगाच्या पानावर पांच-सहा चौकटी असतात आणि वाचक त्या उजवीकडून डावीकडे भराभर ओलांडीत जातो. जो क्षण डोळ्यांपुढें दोन सेकंदहि ठरत नाहीं, तो परमोच्च असला म्हणून शिळा कसा होणार? हुशार चित्रकार हें बोट पुष्कळदां पान उलटल्याबरोबर जी पहिली जागा दिसते तेथेंच योजतो. अलीकडचा क्षण, लेसिंगला हवा होता तो, मागच्या पानाच्या शेवटच्या चौकटींत ठेवलेला असतो. म्हणजे लेसिंगचा नियम मोडलेला नसून दोन पानांवर वांटून दिलेला आहे.

आतां दुसरा एक पक्ष या बोटाचा कैवार घेतो; परंतु त्याचें वकीलपत्रहि मला मान्य नाहीं. ‘हें सगळें काबुकींतून आलें’ असें एक वाक्य फेंकलें कीं या पक्षाचें काम संपतें. काबुकी नाट्यांत ‘मिए’ नांवाची प्रथा आहे खरी. ऐन प्रसंगीं नट एका पवित्र्यांत गोठतो, एक डोळा तिरका करतो, रंगमंचाच्या कडेस बसलेला मनुष्य लाकडी ठोकळे फळीवर आपटतो, आणि प्रेक्षागृहांतून जाणते रसिक नटाच्या घराण्याचें नांव घेऊन आरोळी ठोकतात. पहिला इचिकावा दांजूरो (१६६०–१७०४) याच्या दणदणीत वीररसापासून चालत आलेली ही परंपरा आहे. थांबणें आणि ठोका हीं दोन अंगें चलच्चित्रांत उतरलीं आहेत, हें मीहि मानतों. मांगांत बोट रोखतांच शेजारीं ‘बिशि’ असा एक ध्वनि लिहिलेला असतो. वास्तविक बोट दाखविण्यास आवाज कसला? पण त्या लाकडी ठोकळ्यांची जागा या अक्षरांनीं घेतली आहे, असें मानल्यास तो आवाज लागलीच अर्थपूर्ण वाटूं लागतो.

परंतु मिए करणाऱ्या नटाचा हात पाहा. पंजा पसरलेला असतो, नाहीं तर मूठ वळलेली असते. शाराकूनें १७९४ सालीं काढलेलें ओतानी ओनिजी या नटाचें सुप्रसिद्ध चित्र डोळ्यांपुढें आणा: छातीपुढें दोन्ही पंजे फांकलेले, बोटें ताणलेलीं, आणि त्यांतलें एकहि बोट कोणाकडे दाखवीत नाहीं. मिए ‘मला पाहा’ म्हणते. तर्जनी ‘तुला पाहिलें’ म्हणते. हा भेद लहान नव्हे. पाहणाराच्या छातीवर कागदांतून बोट रोखण्याची युक्ति पाहावयाची तर ती सैन्यभरतीच्या चित्रांत सांपडते. आल्फ्रेड लीटनें १९१४ सालीं लॉर्ड किचनेरच्या हातून ती इंग्लंडांत करविली, जेम्स माँटगोमेरी फ्लॅगनें १९१७ सालीं अंकल सॅमच्या हातून अमेरिकेंत. जपानी चित्रकारांनीं ती तेथूनच उचलली असा माझा दावा नाहीं. पण सगळेंच कर्ज काबुकीच्या खात्यावर मांडणें हा हिशेब नव्हे.

या बोटाचा अर्थ समजून घ्यावयाचा तर जपानी शिष्टाचाराकडे वळलें पाहिजे. जपानी भाषेंत अंगठ्याशेजारच्या बोटास ‘हितोसाशियुबि’ म्हणतात, म्हणजे माणसाकडे दाखविण्याचें बोट. आपला ‘तर्जनी’ हा शब्द ‘तर्ज्’ धातूवरून, म्हणजे धाक घालणारी. दोन्ही भाषांनीं या बोटाच्या वांट्यास बरें काम दिलेलें नाहीं. कोवळ्या काकडीस बोट दाखवूं नये, ती कुजते, असें आपल्याकडील म्हाताऱ्या बायका सांगत. जपानांत पाठीमागून बोट दाखविलें जाणें हा वाक्प्रचारच लोकनिंदेसाठीं आहे, आणि समोरच्या माणसाकडे बोट करणें हें तेथें उघड असभ्यपणाचें मानतात. तेव्हां ‘जपानी माणसें अशींच हातवारे करीत असतील’ ही आमच्या कांहीं मित्रांची समजूत वस्तुस्थितीच्या नेमकी उलट आहे. जें व्यवहारांत वर्ज्य, तेंच चित्रांत उधळलेलें आहे. मर्यादा मोडल्याचा जो धक्का, तोच या मुद्रेचा प्राण. (वस्तूकडे बोट दाखविण्यास मात्र त्या देशांत मोठी प्रतिष्ठा आहे. तेथील आगगाडीचा चालक प्रत्येक सिग्नलकडे बोट करून त्याची स्थिति मोठ्यानें उच्चारतो. १९९४ सालीं तेथील रेल्वे तांत्रिक संशोधन संस्थेनें केलेल्या प्रयोगांत, नुसतें पाहून केलेल्या शंभर कृतींमागें २.३८ चुका होत, त्या बोट व उच्चार यांच्या साह्यानें ०.३८ वर आल्या. हें बोट दुसऱ्याला दटावीत नाहीं. स्वतःलाच जागें ठेवतें.)

हें ध्यानीं घेतलें म्हणजे निरनिराळ्या चित्रकथांतील बोटें एकाच मापानें मोजणें थांबेल. हिरोहिको अराकीच्या १९८७ पासून चालू असलेल्या ‘जोजो’ मालिकेंतील बोट हा बव्हंशीं अलंकार आहे. इटलींतील शिल्पांचा आणि वेषभूषेच्या चित्रांचा त्या चित्रकारावरील संस्कार सर्वश्रुत आहे. १९९२ च्या ‘सेलर मून’मधील मुलगी चंद्राच्या नांवानें शासन करीन म्हणून बोट रोखते, तें प्रतिज्ञेचें. २००७ च्या ‘गुरेन लागान’मध्यें तें आकाशाकडे जातें आणि कोणावरच आरोप करीत नाहीं. या सर्वांत मला भेदक वाटतो तो ‘हसरा विक्रेता’ मोगुरो फुकुझो. फुजिको आ. फुजिओ याच्या लेखणींतून १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हा जाडा, काळ्या पोशाखाचा, दांत दाखवीत हसणारा गृहस्थ जन्मास आला. तो लोकांच्या मनांतली पोकळी भरून देतो, एक अट घालतो, आणि अट मोडली कीं गिऱ्हाइकावर बोट रोखून ‘दोन!’ अशी तोफ डागतो. गिऱ्हाइकाचें पुढें जें होतें तें होतें. चौकटींत तें बोट अनेकदां थेट वाचकाकडे असतें, आणि कांहीं काळ आपणहि आपली मोडलेली एखादी अट आठवूं लागतों. असल्या चित्राला पोरकट म्हणावयास मन धजत नाहीं.

आतां खऱ्या खटल्याकडे येतों. माझी फिर्याद आहे ती हेरकथांतील बोटाविरुद्ध. ‘किंदाइची’ची चित्रकथा १९९२ सालीं सुरू झाली, गोशो आओयामाची ‘मेइतान्तेइ कोनान’ १९९४ सालीं. दुसरीचे शंभरांवर खंड निघाले आहेत आणि तिच्या चलच्चित्रमालिकेनें हजार भाग केव्हांच ओलांडले. सर्व संशयितांस एका खोलींत जमवावें, तर्काची साखळी उलगडावी, शेवटीं बोट रोखून ‘खुनी तूंच’ म्हणावें, आणि आरोपीनें गुडघे टेकून आपली करुण कहाणी सांगून गुन्हा कबूल करावा, हा या कथांचा ठरलेला सांचा. कोनानमध्यें तर एक गंमत आहे, ती टीकाकारांच्या नजरेंतून निसटलेली दिसते. खरा हेर औषधानें लहान झालेला मुलगा. त्याचें बोट कोण मानणार? म्हणून तो मोरी कोगोरो या प्रौढ हेरास घड्याळांतील सुईनें झोंपवितो व त्याच्या आवाजांत बोलतो. कोगोरो मान खालीं टाकून, हात लोंबकळत बसलेला असतो. म्हणजे या जगप्रसिद्ध मालिकेंतल्या अनेक उत्कृष्ट आरोपप्रसंगीं आरोप करणाऱ्या देहाला बोट उचलतांच येत नाहीं, आणि तरीहि प्रसंग रंगतो!

या कथांत पुरावा नसतो असें नाहीं. रक्ताचा डाग, तुटलेलें बटण, कोलमडलेलें वेळापत्रक, सारें असतें. पण तें सारें एका कबुलीकडे जाण्याची पायरी म्हणून. कबुली आली कीं कथा मिटली. ती न येतां खटला कोर्टांत गेला, साक्षीपुरावा झाला, असें दाखविण्याचें कारणच पडत नाहीं. ‘मुलांच्या करमणुकीवर न्यायशास्त्राचें ओझें कशाला?’ असें विचारणारांस मी इवाओ हाकामाताचें नांव सांगतों. शिझुओका प्रांतांत १९६६ सालीं एका कुटुंबांतील चार माणसांचा खून झाला. मिसोच्या कारखान्यांत कामाला असलेल्या या माजी मुष्टियोद्ध्यास पकडण्यांत आलें, आणि जवळजवळ तीन आठवड्यांच्या चौकशीनंतर त्यानें कबुली दिली. न्यायालयांत त्यानें ती नाकारली. पण १९६८ सालीं त्यास फांशीची शिक्षा झालीच. २०१४ सालीं तो तुरुंगाबाहेर आला आणि २०२४ च्या सप्टेंबरांत निर्दोष ठरला. त्या कबुलीचा कागद आणि मिसोच्या पिंपांतून वर्षाहून अधिक काळानें ‘सांपडलेले’ रक्ताळ कपडे हे बनावट असल्याचें न्यायालयानेंच म्हटलें. ज्या देशांत खटल्यास आलेल्यांपैकीं शेंकडा ९९ हून अधिक दोषी ठरतात, तेथें बोट आणि कबुली यांच्यामध्यें जागाच न ठेवणारी कथा ही निरुपद्रवी करमणूक आहे, हें मला पटत नाहीं. शिवाय २००९ पासून तेथें गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यांत तीन न्यायाधीशांबरोबर सहा सामान्य नागरिक बसतात. किंदाइची वाचीत वाढलेली पिढी आज त्या खुर्च्यांवर बसूं लागली आहे. आरोपी गुडघे टेकीत नाहीं, रडत नाहीं, ‘मी केलें नाहीं’ एवढेंच पुनः पुनः म्हणतो, अशा वेळीं त्या पिढीनें त्याच्याकडे कोणत्या डोळ्यांनीं पाहावें?

याच बोटाचा दुसरा उपयोगहि एका जपानी लेखकानें करून दाखविला आहे, म्हणून माझी फिर्याद मुद्रेविरुद्ध नाहीं. शू ताकुमी यानें २००१ सालीं ‘ग्याकुतेन साइबान’ हा खेळ रचला. पश्चिमेकडे तो ‘एस अ‍ॅटर्नी’ म्हणून गाजला. त्यांतील नायक आरोपीचा वकील आहे. साऱ्या जगानें जेथें बोट रोखलें, त्या माणसाच्या बाजूनें तो उभा राहतो आणि ‘आक्षेप!’ असें ओरडून साक्षीदारावर, सरकारी वकिलावर, व्यवस्थेवर बोट रोखतो. खटला तीन दिवसांत संपलाच पाहिजे असा तेथील विलक्षण कायदा; ती थट्टा कोणाची आहे हें जपानी वाचकास सांगावें लागत नाहीं. आणि सरकारी वकीलहि तेंच बोट, तोच शब्द, तितक्याच दिमाखानें उगारतो. दोघांचीं बोटें सारखींच ताठ. त्यांवरून खरें कोण हें ठरूं शकत नाहीं. खेळणाराला साक्षींतली विसंगति हुडकून तिच्यासमोर नेमका पुरावा ठेवावा लागतो. चुकीचा ठेवला तर पडद्यावरील पांच उद्गारचिन्हांतलें एक फुटतें. पांचहि फुटलीं कीं अशील दोषी. कोनानच्या वाचकास बोटासाठीं कांहीं मोजावें लागत नाहीं. येथें प्रत्येक वेळीं मोजावें लागतें.

२०१६ सालीं या खेळाची चलच्चित्रमालिका निघाली. बोट तेंच, आरोळी तीच, रेषाहि त्याच धांवतात. पण पाहणाराच्या हातीं आतां पुरावा नाहीं आणि फुटावयास उद्गारचिन्हेंहि नाहींत. तो नुसता खुर्चींत टेकून वकील जिंकण्याची वाट पाहत असतो.