ठाण्यातली कोरी पाटी



आपल्या वस्तीतला पोरगा उचलला की आपण काय करतो? ठाण्यासमोर गर्दी करतो. घोषणा देतो. पुढाऱ्याला फोन लावतो. पुढारी येतो, आत साहेबांबरोबर चहा पितो, बाहेर येऊन सांगतो, 'बोललोय मी, सकाळी सोडतील.' आपण जयभीम करतो आणि घरी जातो. पोरगा सकाळी सुटतो, नाहीतर सुटत नाही. पण त्या रात्री त्याचं नाव कोणत्या वहीत चढलं, किती वाजता चढलं, कोणत्या कलमाखाली चढलं, हे विचारायला आपल्यातला एक तरी जण पुढे होतो का?

तुम्ही म्हणाल, ही कारकुनी झाली. कारकुनी नाही. उचलल्यापासून वहीत चढेपर्यंत जो वेळ जातो, मार त्याच वेळात पडतो. संध्याकाळी सहाला उचलला आणि अटक दाखवली दुसऱ्या दिवशी अकराला, तर मधले सतरा तास कुणाचे? कागदाच्या हिशेबी ते तास झालेच नाहीत. कागदाच्या हिशेबी पोरगा तेव्हा घरी जेवून झोपला होता. मग पाठीवरचे वळ काय गोधडीनं उठले?

परभणी आठवा. १० डिसेंबर २०२४ ला रेल्वे स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ११ ला बंद, दगडफेक, जाळपोळ, आणि मग धरपकड. कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी त्यात पकडला गेला. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो मेला. सरकारनं विधानसभेत सांगितलं, त्यानं मॅजिस्ट्रेटपुढे मारहाणीची तक्रार केली नव्हती, त्याला श्वासाचा आजार होता. शवविच्छेदनाचा कागद म्हणत होता, अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. त्याच्या आईनं हायकोर्ट गाठलं, बाळासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठानं पोलिसांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं, ३० जुलैला सुप्रीम कोर्टानं सरकारची आव्हान याचिका फेटाळली. मोर्चे राज्यभर निघाले, निघायलाच पाहिजे होते. पण कोर्टात बोलला तो कागद. आणि तो कागद माणूस मेल्यानंतरचा होता. जिवंतपणीच्या कागदांवर नजर ठेवायला आपण शिकलो नाही, तर दर खेपेला आपल्या हाती मेल्यानंतरचाच कागद येणार.

चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं हा नियम इंग्रजांच्या फौजदारी संहितेतही होता. पण साधा कायदा काय, बहुमतवाल्यांनी हात वर केले की बदलतो. बाबासाहेबांनी ही मेख ओळखली. १५ सप्टेंबर १९४९ ला त्यांनी संविधान सभेत कलम १५-अ मांडलं. तेच आजचं कलम २२. अटकेचं कारण सांगा, वकील गाठू द्या, चोवीस तासांत कोर्टापुढे न्या. हे संविधानातच बसवलं, म्हणजे उद्याच्या कुठल्या सरकारला साधं बिल आणून ते पुसता येणार नाही. (त्याच कलमात पुढे स्थानबद्धतेचं भगदाडही आहे. तेही वाचा, डोळे मिटून पाया पडू नका.) जयंतीला आपण संविधान डोक्यावर घेऊन मिरवतो. कलम २२ किती जणांनी उघडून वाचलंय, हात वर करा.

आता पाटीकडे या. २००८ च्या दुरुस्तीनं फौजदारी प्रक्रिया संहितेत ४१-सी हे कलम आलं, १ नोव्हेंबर २०१० पासून लागू झालं. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस नियंत्रण कक्ष, कक्षाबाहेर फलक, फलकावर अटक झालेल्याचं नाव-पत्ता आणि अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा. दोन्ही नावं एकाच पाटीवर! आपली पाटी अलिबागला. म्हणजे साजगावच्या आईनं पोराचं नाव वाचायला खाडा करून खोपोलीहून पेण, पेणहून अलिबाग एस.टी. बदलत जायचं. १ जुलै २०२४ ला नवी संहिता आली, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. तिच्या कलम ३७ नं पाटी जवळ आणली. जिल्ह्याच्या मुख्यालयात तर आहेच, प्रत्येक ठाण्यातसुद्धा ठळक दिसेल अशी माहिती लावायची. नाव, पत्ता, गुन्ह्याचं स्वरूप. त्यासाठी सहायक उपनिरीक्षक किंवा वरचा एक माणूस नेमून जबाबदार धरायचा. चांगलं झालं. पण बारकाईनं वाचा. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव पाटीवर लावायची सक्ती तेवढी गेली. ज्याला धरला तो उजेडात, धरणारा अंधारात. यावर एखाद्या संघटनेनं पत्रक काढलेलं माझ्या पाहण्यात नाही. बॅनरला मात्र आपल्याकडे पैसे असतात.

मी एका ठाण्यात ही पाटी बघायला गेलो होतो. कोणतं ते लिहीत नाही, तुमच्या जवळच्या ठाण्यात जाऊन तुम्हीच बघा. पाटी होती. तिच्यावर हेल्मेट वापरा म्हणून पोस्टर चिकटवलेलं. हवालदार म्हणाला, 'तुझं कोण आत हाय?' म्हटलं, कोणी नाही, वाचायला आलोय. मग म्हणाला, 'नाव काय?' सांगितलं. 'आडनाव?' तेही सांगितलं. मग तो नुसता हसला. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलाय. हवालदाराला रकाना लागत नाही. आडनाव पुरतं.

मी शिकलेला नाही. कागदाच्या मिलमध्ये कामाला आहे. पल्परमध्ये ढकलायला रद्दीच्या गाठी येतात, त्यात कायद्याची पुस्तकं येतात, जुने सरकारी फॉर्मही येतात. पाळीत सवड मिळेल तशी मी पानं काढून वाचतो. तिथून हे शिकलो. म्हणून वकिलीची सनद नसलेल्या माणसालाही जमेल एवढंच सांगतो.

पोरगा धरला की पहिला कागद अटकेचा. कलम ३६ प्रमाणे तो धरतानाच तयार व्हायला हवा, त्यावर किमान एका साक्षीदाराची सही हवी, घरातल्या माणसाची नाहीतर त्या भागातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची, आणि ज्याला धरला त्याचीही सही हवी. हे पहिल्यांदा सुप्रीम कोर्टानं १९९६ ला डी. के. बसूच्या निकालात घालून दिलं. आता ही 'प्रतिष्ठित व्यक्ती' कोण हो? पोलीस पाटील? प्रत्येक पंचनाम्यावर ज्याची सही असते तो टपरीवाला? आपल्या आळीतली धुणीभांडी करणारी मावशी प्रतिष्ठित नाही, असं कायद्यात कुठे लिहिलंय? आणि घरातला माणूस असेल तर प्रतिष्ठेचा प्रश्नच येत नाही. म्हणून घरातल्यांनी पळायचं नाही, पुढे व्हायचं, वाचायचं आणि मगच सही करायची. साजगावच्या यात्रेत आपल्या बाया सुका बोंबील घेतात तो मोडून बघतात, हुंगून बघतात, ओलसर लागला तर दुकानदाराच्या तोंडावर फेकतात. बोंबलाला एवढी पारख आणि पोराच्या अटकेच्या कागदाला न वाचता अंगठा? त्या कागदावरची वेळ बघा. उचलल्याची वेळ वेगळी असेल तर सही करताना ती लिहा. लिहू देत नसतील तर त्याच रात्री पोलीस अधीक्षकाला ईमेल करा, तार गेली म्हणून काय झालं!

अटकेची कारणं लेखी, त्याला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागतात. ६ नोव्हेंबर २०२५ चा निकाल आहे, मिहिर शाह विरुद्ध महाराष्ट्र सरकार. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं सांगितलं, गुन्हा कोणताही असो, आणि लगेच जमत नसेल तरी रिमांडसाठी कोर्टात न्यायच्या किमान दोन तास आधी. गंमत बघा, हा खटला निघाला वरळीतल्या त्या गाडीच्या प्रकरणातून, आरोपी पुढाऱ्याचा मुलगा. त्याच्या वकिलांनी जे मागितलं ते आता आपल्यालाही लागू. फुकट. पण मागणार कोण? डॉक्टरी तपासणीच्या अहवालाची प्रतही अटक झालेल्याला मिळते, कलम ५३. ती कोण मागतं?

मग गुन्हा रजिस्टर नंबर. तो एक आकडा आणि साल पाठ करा. २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायचा असतो, नाजूक प्रकरणं सोडून. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर जिल्हा, ठाणं, तारीख घालून तो शोधता येतो. पुढं ई-कोर्टवर तोच नंबर घालून खटला कुठं पोचला ते दिसतं. 'नाजूक' म्हणून काय काय झाकतात, तेही एकदा मोजायला हवं.

पण सगळंच तिथं दिसत नाही, आणि आपल्या कार्यकर्त्यांचं तर मुळीच नाही. सहा डिसेंबर आला, एक जानेवारी आला, मंत्र्याचा दौरा आला की ठाण्यातून नोटीस येते. पूर्वी कलम १४९ ची, आता १६८ ची. ऐकलं नाही तर १५१, आता १७०, उचलून ठेवायचं. मग चॅप्टर केस, जुनी १०७, नवी १२६. यात गुन्हा झालेला नसतो, पोलिसाला होईल असं वाटलेलं असतं. ही केस तहसीलदारासारख्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे चालते, त्यामुळं कोर्टाच्या यादीत सापडत नाही. तहसील कचेरीतल्या फाइलमध्ये पडून राहते. दोन-तीन चॅप्टर साठल्या की तडीपारीच्या प्रस्तावात त्याच फाइल पुरावा म्हणून वर येतात. तेव्हा पोरगा म्हणतो, 'मला तर वाटलं सोडून दिलं.' चॅप्टरच्या निकालाची नक्कल मागा. नाही दिली तर माहिती अधिकार, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवस. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तास.

गुन्हे मागे घेतले म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनाही एक सांगायचंय. भीमा कोरेगावच्या आंदोलनातले ६४९ पैकी ३४८ गुन्हे मागे घेतल्याचं गृहमंत्री अनिल देशमुखांनी २०२० च्या फेब्रुवारीत जाहीर केलं. पण कोर्टात गेलेला खटला मंत्र्याच्या भाषणानं संपत नाही. सरकारी वकिलाचा अर्ज लागतो, कोर्टाची संमती लागते. तुमच्या खटल्यात तो आदेश झाला का? नक्कल घरात आहे का? नसेल तर कारखान्याच्या गेटवर चारित्र्याचा दाखला मागतील तेव्हा ते जुनं नाव पुन्हा वर येईल, आणि गेटवरचा साहेब अटक आणि शिक्षा यात फरक करत नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारातले तीन अजून दोषी ठरलेलेच नाहीत.

आपल्यातले काही म्हणतात, पाटीवर पोरांची नावं कशाला? गाव आधीच बोटं दाखवतं. हे खोटं नाही. अमेरिकेत काउंटीच्या तुरुंगाच्या याद्या फोटोसकट इंटरनेटवर असतात, काही भामट्यांनी ते फोटो उचलले आणि काढून टाकायचे पैसे उकळले. म्हणून मीही म्हणतो, व्हॉट्सअॅपवर यादी फिरवायची नाही, अठरा वर्षांखालच्या पोराचं नाव तर कुठंच नाही, तसा कायदाच आहे. पण लाजेपायी पाटी कोरी ठेवायला संमती द्याल, तर ती लाज पोलिसांच्या कामी येईल. गावाला नाव पाटीवरून कळत नाही, गावाला ते आधीच कळलेलं असतं. आणि पाटी एकाच बाजूनं वाचायची नसते. अॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल होतो, आरोपी गावात बुलेटवर फिरतो. त्याचं नाव पाटीवर आहे का? नसेल तर का नाही? हे विचारायला पाटी भरलेली असावी लागते.

आपण पँथरची डरकाळी सांगतो. ते नाव ज्यांच्याकडून आलं ते ओकलंडचे ब्लॅक पँथर पोलिसांच्या गाडीमागे फिरायचे, खांद्यावर बंदूक, हातात कायद्याचं पुस्तक, कुणाला धरलं की बाजूला उभं राहून त्याला त्याचे हक्क वाचून दाखवायचे. १९६७ ला कॅलिफोर्निया सरकारनं भरलेली बंदूक घेऊन रस्त्यावर फिरायला बंदी घातली. पुस्तकाला घातली नाही.

तर वही घालूया. वस्तीनिहाय एक, जाड पुठ्ठ्याची. नाव, उचलल्याची वेळ, उचलणाऱ्याच्या छातीवरचं नाव, कागदावरची वेळ, कलम, नंबर, कोर्टात नेल्याची वेळ, अंगावर काय दिसलं ते, सुटल्याची नक्कल मिळाली की नाही. वही एका बाईच्या ताब्यात राहील, कारण पुरुष पहिल्यांदा उचलले जातात. आठवड्यातून दोनदा दोघांनी ठाण्यात जाऊन पाटी वाचायची आणि काय लिहिलंय, काय नाही, ते उतरवून आणायचं. खालापूरच्या कोर्टात नकलेचा अर्ज कसा करायचा ते मी दाखवीन. या महिन्यात मला रात्रपाळी आहे, सकाळी आठनंतर मोकळा आहे. साजगावच्या देवळाकडच्या वळणावर थांबतो. येताना पेन आणा.