पर्वरीत घर घ्यावे का?

गोव्यात कुणालाही विचारा, "घर कुठे हवं?" उत्तर बहुधा ठरलेले असते. दोनापावला मिळाले तर उत्तमच, नाहीतर पर्वरी. दोनापावलाचे नाव काढायची आपल्यासारख्यांची ऐपत नाही, म्हणून नोकरदार माणसाचे स्वप्न मांडवी ओलांडून पर्वरीच्या सड्यावर चढू लागते. पण आता तिथले दर ऐकूनही त्या स्वप्नाला अर्ध्या चढणीवरच धाप लागते. तर मंडळी, आज जरा हिशेब मांडूया. जमा किती, खर्च किती.

पर्वरी मुळात सडा. वर कातळ आणि गवत. माणसांची वस्ती, भातशेती, झरी सगळे खाली उताराला. मांडवीवर पूल आला आणि सड्याला भाव आला. तो पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा पर्वरीकर पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिले. १९९२ साली नवा पूल झाला. २००० साली विधानसभा पणजी सोडून पर्वरीला आली, २०१९ साली अटल सेतू झाला आणि २०२१ साली उच्च न्यायालयाची नवी इमारतही इथेच उभी राहिली. सरकार जिथे जाते तिथे जमिनीचे दर मागोमाग जातात, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही!

आता जमेची बाजू, आणि ती लहान नाही. नदी ओलांडली की पणजी, उलट दिशेला गेले की म्हापसा. शाळा, दवाखाने, बँका हाताशी. सड्याच्या कडेला घर असेल तर पावसाळ्यात मांडवीचे जे रूप दिसते त्याला तोड नाही. माझ्यासारख्याला आणखी एक मोह आहे. इथल्या एका रस्त्याला बा. भ. बोरकरांचे नाव आहे. गोमंतक मराठी अकादमीचे मराठी भवन इथे, झेवियर इतिहास संशोधन केंद्र इथे, थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्रही इथेच. मराठी, कोकणी आणि इतिहास अशी तिन्ही दारे एकाच उपनगरात उघडी असणे ही श्रीमंती कुठल्याही दरपत्रकात लिहिलेली नसते.

मग खर्चाची बाजू. घराचे हप्ते तर आहेतच, पण ज्या गोष्टी आपण पैसे मोजून घेतल्या असे वाटते, त्या बऱ्याचदा आपल्या नसतातच. पाणी अस्नोड्याच्या प्रकल्पातून येते आणि त्याला तिळारीच्या पाण्याची साथ लागते. कालवा फुटला की एक कोटीचा फ्लॅट आणि दोन खोल्यांचे घर, दोघांचेही नळ सारखेच कोरडे. फरक इतकाच की एकाला टँकर परवडतो. रस्त्याचेही तेच. मुंबईहून येणारा राष्ट्रीय महामार्ग पर्वरीच्या मधोमध जातो. २०२४ साली तिथे उन्नत मार्गाचे काम सुरू झाले, तेव्हा धूळ आणि वाहनांची रांग सर्वांच्या वाट्याला आली. गाडी महागडी असली म्हणून रांगेत पुढचा नंबर मिळत नाही.

शिवाय सड्याचा स्वतःचा एक हिशेब आहे. जांभा दगड पावसाचे पाणी पितो आणि सावकाश खालच्या झरींना देतो. वर काँक्रीट अंथरले की ते पाणी गटारातून वाहून जाते आणि खालच्या विहिरी आटतात. म्हणजे वर राहणाऱ्याच्या घराची थोडी किंमत खालचा शेतकरी मोजतो, आणि त्याला कुणी पावतीसुद्धा देत नाही.

हे सगळे मी लिहितोय, कारण माझा भाचा सत्तरीतली काजूची बागायत विकून इथे फ्लॅट घ्यायच्या विचारात आहे. "मामा, मुलांच्या शिक्षणासाठी करतोय," म्हणतो. त्याचे चूक नाही. माझ्या ओळखीतले कितीतरी शिक्षक, कारकून तीस-चाळीस वर्षांपूर्वी सत्तरी, डिचोली, पेडण्याहून असेच येऊन इथे स्थिरावले. पणजी परवडत नव्हती, म्हणून ते पर्वरीला आले. आज त्यांच्याच मुलांना पगाराच्या जोरावर त्याच वाड्यावर दुसरे घर घेता येत नाही. आणि जी बाई सकाळी धुण्याभांड्याला येते, जो प्लंबर नळ दुरुस्त करतो, जो मास्तर संध्याकाळी हार्मोनियम शिकवतो, ते सगळे दोन बस बदलून येतात. ज्या उपनगरात काम करणाऱ्याला राहता येत नाही, तिथे शेजार तयार व्हायचा कसा?

बरे, जे राहतात त्यांचे तरी काय? चवथ आली की अर्धी कॉलनी कुलूप लावून मूळ घरी जाते. गाव विचारले तर तीस वर्षे इथे राहिलेला माणूसही "आम्ही केरीचे" म्हणतो. दुसरीकडे दिल्ली-मुंबईवाल्यांचे फ्लॅट फक्त डिसेंबरात उजळतात. २०११ च्या जनगणनेत गोव्यातले साधारण दर पाचांतले एक घर रिकामे आढळले होते. म्हणजे चवथीला हे रिकामे, डिसेंबरात ते भरलेले, आणि वर्षभर गावाचे कुणीच नाही! गंमत म्हणजे एवढ्या महाग पर्वरीला नगरपालिका नाही. सुकूर, पेन्ह द फ्रान्स, साल्वादोर द मुंद अशा ग्रामपंचायतींतच तिचा कारभार वाटलेला आहे. कचरा, बांधकाम परवाने, गटारे या सगळ्यांवर बोलायची जागा रविवारी भरणारी ग्रामसभा. तिथे कोट्यधीशाला आणि भाडेकरू मतदाराला एकेकच मत. पण फ्लॅटवाले तिथे दिसतात किती?

म्हणून माझे मत विचाराल तर असे. पर्वरीत घर जरूर घ्यावे, पण मूळ जमीन विकून नाही. दर अजून वाढतील म्हणून तर मुळीच नाही. नोकरी इथे असेल, मुलांची शाळा इथे असेल, मतदार यादीत नाव इथे घालणार असाल आणि ग्रामसभेत रविवारची सकाळ घालवायची तयारी असेल तर महागही परवडते. नाहीतर आपण फक्त नदीचे दृश्य विकत घेतो, आणि दृश्य काय, समोर उंच इमारत उभी राहिली की एका पावसाळ्यात जाते. पैशाने चार भिंती आणि एक बाल्कनी मिळते. गाव मात्र राहून, भांडून, लोकांत मिसळूनच करावा लागतो.