आयोजकांनी माफी मागितली, तरी चाहते का चिडतात?

‘तांत्रिक अडचणीमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ ई-स्पोर्ट्स पाहणाऱ्या कुणालाही हे वाक्य नवं नाही. अंतिम सामना ऐन रंगात आलेला असतो आणि स्क्रीन थिजते. निवेदक वेळ मारून नेतात, निकाल कसाबसा लागतो आणि मग आयोजकांचं निवेदन येतं. त्यावर चाहत्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘जाऊ द्या, चूक होते माणसाच्या हातून.’ दुसरा म्हणतो, ‘माफी नको, उत्तर द्या.’

या दुसऱ्या गटाला ‘ट्रोल’ म्हणून मोडीत काढण्याची पद्धत आहे. पण त्यातल्या बहुतेकांचं म्हणणं रास्त असतं. नेमकं काय बिघडलं, नुकसान कुणाचं झालं, ते कसं भरून देणार आणि पुढच्या वेळी काय बदलणार, एवढंच त्यांना हवं असतं. ज्या माफीत हे नसतं, तिनं राग शांत होत नाही.

माफी कशी असावी?

ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘लीग ऑफ लीजेंड्स’ची जागतिक स्पर्धा अमेरिकेत लॉस एंजेलिसला सुरू होती. चीनचा ‘वर्ल्ड एलिट’ आणि युरोपचा ‘सीएलजी ईयू’ या संघांच्या उपांत्यपूर्व लढतीत इंटरनेट वारंवार तुटलं. खेळ थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. प्रेक्षक तासन्‌तास बसून राहिले आणि शेवटी सामना पुढे ढकलावा लागला.

कारण साधं होतं. दोन्ही संघ एकाच मंचावर बसले होते, तरी प्रत्येकाचा संगणक इंटरनेटवरूनच सर्व्हरला जोडलेला होता. बाहेरची लाइन गेली की मंचावरचा खेळही बंद. म्हणजे सगळा डोलारा एकाच खांबावर उभा होता.

आयोजक ‘रायट गेम्स’नं माफी मागितली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. प्रेक्षकांना तिकिटाचे पैसे परत केले. उरलेले सामने काही दिवसांनी दुसऱ्या ठिकाणी खेळवले. पुढे स्पर्धेसाठी बाहेरच्या इंटरनेटवर अवलंबून नसलेला वेगळा सर्व्हर उभा केला. त्यानंतरच्या काळात तर बिघाड झाल्यास सामना आधीच्या क्षणापर्यंत मागे नेण्याचं तंत्रही आणलं. ती माफी लोकांच्या गळी उतरली, कारण तिच्यामागे काम दिसलं.

याच्या उलट प्रकार २०१६ मध्ये शांघायला झाला. ‘डोटा २’च्या स्पर्धेत लांबलेले सामने आणि आवाज-प्रक्षेपणातले गोंधळ यांनी प्रेक्षक वैतागले. ‘व्हॉल्व्ह’ कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल यांनी सूत्रसंचालकाला आणि निर्मिती करणाऱ्या कंपनीला स्पर्धा सुरू असतानाच काढून टाकल्याचं जाहीर केलं. कारवाई झटपट झाली. पण पुढची चर्चा बिघाडापेक्षा त्या सूत्रसंचालकाभोवतीच जास्त फिरली. माणूस बदलला म्हणजे यंत्रणा सुधारली, असं होत नाही.

आपल्या मातीतलं उदाहरण

हे फक्त संगणकावरच्या खेळात घडतं, असं नाही. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला झालेली महाराष्ट्र केसरी आठवा. गादी विभागाच्या निर्णायक कुस्तीत पृथ्वीराज मोहोळला चितपटीनं विजयी ठरवलं गेलं. आपली पाठ पूर्ण टेकलीच नव्हती, व्हिडिओ पाहून निर्णय द्या, अशी शिवराज राक्षेची मागणी होती. वाद वाढला आणि राक्षेनं पंचांना लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड काही सेकंद उरले असताना गुणाच्या वादातून मैदान सोडून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला, राक्षे आणि गायकवाडवर तीन वर्षांची बंदी आली.

पंचांवर पाय उचलणं कुठल्याही कारणानं समर्थनीय नाही. ई-स्पोर्ट्समध्येही निवेदकांना, तांत्रिक कर्मचाऱ्यांना शिवीगाळ करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पण कुस्तीशौकिनांचा प्रश्न त्या लाथेनं मिटला नाही: पाठ टेकली होती की नाही? पैलवानाला शिक्षा हा एक विषय आणि निर्णयाचा खुलासा हा दुसरा. पहिला झाला म्हणून दुसरा टळत नाही.

‘सामना पुन्हा खेळवा’ ही मागणी नेहमी शक्य असते का?

नाही, आणि चाहत्यांनीही ही बाजू समजून घ्यायला हवी. ‘काउंटर-स्ट्राइक’सारखा खेळ फेऱ्यांमध्ये चालतो. प्रत्येक फेरीची नोंद सर्व्हरवर राहते, त्यामुळे बिघडलेली फेरी पुन्हा खेळवता येते. बीजीएमआयचं तसं नाही. तिथं १६ संघांचे ६४ खेळाडू एकाच नकाशावर उतरतात. एका संघाचं नेट गेलं म्हणून सामना पुन्हा सुरू केला, तर उरलेल्या १५ संघांनी कमावलेलं सगळं पुसलं जातं. न केला, तर त्या एका संघावर अन्याय होतो.

दोन्हीकडून कुणीतरी दुखावणारच. म्हणून नियम आधी लिहिलेला हवा: किती खेळाडूंचं कनेक्शन तुटलं तर सामना रद्द, किती मिनिटांपर्यंत आणि हे ठरवणार कोण. बिघाड झाल्यावर केलेला नियम कितीही योग्य असला, तरी तो कुणाच्या तरी सोयीचा वाटतोच.

कायदा काय सांगतो?

तिकीट काढलं असेल, तर तुम्ही ग्राहक आहात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पैसे देऊन घेतलेल्या सेवेतल्या त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. महत्त्वाचं म्हणजे कार्यक्रम मुंबईत झाला, तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. म्हणजे चिखलीच्या प्रेक्षकाला बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा खुला आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आधी सल्ला हवा असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मोबाइलवर फुकट पाहणाऱ्याला मात्र हा कायदा लागू होत नाही. त्याच्या हातात प्रश्न विचारणं एवढंच उरतं.

खेळाडूंसाठी दुसरा कायदा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं ई-स्पोर्ट्स आणि पैसे लावून खेळले जाणारे खेळ यांच्यात रेघ ओढली आहे. ई-स्पोर्ट्समध्ये प्रवेश शुल्क घेता येतं, पण ते केवळ सहभागासाठी किंवा व्यवस्थेच्या खर्चासाठी. कामगिरीवर बक्षीस देता येतं, पैज लावता येत नाही. शिवाय मान्यता आणि नोंदणी हवी. त्यामुळे मोबाइलवर निरोप पाठवून, प्रत्येकाकडून पैसे गोळा करून त्यातूनच बक्षीस वाटणाऱ्या स्पर्धांनी सावध राहिलेलं बरं.

बुलढाण्याला याचं काय?

अंतिम सामने होतात मोठ्या शहरांत. बुलढाणा शहरात रेल्वे नाही. मुंबईला जायचं तर मलकापूर, नांदुरा, शेगाव गाठा, नाहीतर रात्रभर ट्रॅव्हल्सनं प्रवास करा. सामना फसला तर तिकिटाचे पैसे कदाचित परत मिळतील. प्रवासाचे, बुडालेल्या रोजाचे मिळणार नाहीत. भरपाई ठरवताना आयोजकांच्या हिशेबात लांबून आलेला प्रेक्षक क्वचितच असतो.

दुसरं नुकसान त्याहून मोठं आहे. इथला मुलगा मोबाइलवर सराव करतो, तेव्हा घरचे म्हणतात, ‘रिकामे धंदे सोड.’ तो सांगतो की हा खेळ आहे, याला नियम आहेत, पंच आहेत, मान्यता आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं ई-स्पोर्ट्स क्रीडा विभागाकडे सोपवलं, हा त्याचा हुकमी मुद्दा असतो. अशा वेळी घरच्यांसमोर अंतिम सामना कोलमडला आणि आयोजकांनी दोन ओळींत विषय संपवला, तर त्या मुलाची बाजूच लंगडी पडते. त्याचा राग त्यासाठी असतो.

म्हणून जिल्ह्यात कुणी छोटी स्पर्धा भरवत असेल, तर चार गोष्टी आधीच लेखी द्याव्यात: कनेक्शन तुटल्यावरचा नियम, दुसऱ्या कंपनीची राखीव इंटरनेट लाइन, वीज गेल्यास पर्याय आणि स्पर्धा रद्द झाल्यास पैसे किती दिवसांत परत. खेळाडूंनीही शुल्क भरण्याआधी हा कागद मागावा. कागद मिळाला नाही, तर पैसे भरू नयेत.