देव्हाऱ्यांतील जर्मन रुपया

लक्ष्मीपूजनाच्या तबकांत जुने रुपये मांडण्याचा प्रघात पुष्कळ घरीं आहे. आमच्या नाहूरच्या घरींही तो आहे. राणीछाप रुपयांच्या रांगेंत एक रुपया मात्र निराळा. त्यावर माथ्यावर गरुड असलेलें शिरस्त्राण ल्यालेला, मोठ्या मिशांचा एक राजा आहे. आमच्या आजोबांनीं तो दारेसलामहून आणिला, एवढेंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. गेल्या दिवाळींत आमच्या पुतण्यानें त्याचें छायाचित्र काढून चार मित्रांस धाडलें. तें पुढें कोठें गेलें कोण जाणे, पण आठवड्याच्या आंत निरोप आला कीं, या नाण्यास बारा लाख रुपये मिळतील. तत्पूर्वीं नोंदणीचे पांच हजार मात्र भरावे. आमच्या धाकट्या बंधूंनीं आम्हांस न विचारतां ते भरलेही. मुलाच्या शिक्षणाचा खर्च डोईवर होता. पुढें आणखी दहा हजारांची मागणी आली, तेव्हां गोष्ट आमच्या कानीं आली आणि घरांत दोन दिवस कोणी कोणाशीं धड बोललें नाहीं.

त्या निमित्तानें आम्हीं या नाण्याचें कुलवृत्त शोधिलें. हल्लीं ज्यास टांझानिया म्हणतात, त्याचा मुख्य भूभाग, रुआंडा व बुरुंडी यांसह, पहिल्या महायुद्धापर्यंत जर्मनांच्या ताब्यांत होता. त्या किनाऱ्यावर व्यापार मुख्यत्वें आपल्याकडील लोकांचा, म्हणून चलनही आपल्याच रुपयाचें होतें. जर्मन कंपनीनें १८९० पासून स्वतःचीं नाणीं पाडलीं, तरी लोकांची संवय तिला मोडतां आली नाहीं. नांव रुपयाचेंच ठेवलें, वजनही आपल्या तोळ्याचेंच, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि चांदीचा कसही बारा भागांत अकरा भाग शुद्ध, हाच. आपल्या रुपयाचे जसे चौसष्ट पैसे, तसे त्याचेही चौसष्ट ‘पेसा’. १९०४ मध्यें त्याचे शंभर ‘हेलर’ करण्यांत आले. मुखावरील राजा तो कैसर दुसरा विल्हेल्म. म्हणजे आमचा परदेशी पाहुणा मुळांत आपल्याच कुळींचा निघाला!

आतां त्याच्या मोलाविषयीं. जुनें तें सोनें ही म्हण नाण्यांस लागू पडत नाहीं. नाण्याची किंमत वयावर ठरत नसून तें किती उरलें आहे, कोणत्या स्थितींत आहे आणि किती जणांस हवें आहे, यांवर ठरते. १९२३ सालीं जर्मनींत चलन कोसळलें, तेव्हां दोनशें व पांचशें मार्कांचीं अल्युमिनमचीं नाणीं कोट्यवधि पाडण्यांत आलीं. त्यांस शंभर वर्षें होऊन गेलीं, तरी संग्राहक त्यांस चिल्लरीपेक्षां फारसा मान देत नाहींत. उलट १९१७ सालीं सॅक्सनींत धर्मसुधारणेच्या चारशेंव्या वर्षानिमित्त तीन मार्कांचें एक नाणें अवघें शंभर नग पाडलें. तें आज दुर्मिळांत दुर्मिळ गणलें जातें. युद्धामुळें समुद्रमार्ग बंद झाला असतां १९१६ मध्यें टाबोरा येथें रेल्वेच्या कारखान्यांत पंधरा रुपयांचीं सुवर्णनाणीं पाडलीं. पर्वतापुढें सोंड उंचावलेला हत्ती असलेलें तें नाणें सुमारें सोळा हजारच निघालें, आणि म्हणूनच त्यास मोठी किंमत येते.

हत्तीवरून आपल्याकडील गोष्ट आठवली. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्तीची सोंड इतकी आंखूड उमटली कीं, लोकांस तें डुकर वाटलें. ओरड होतांच ते रुपये मागें घेतले आणि १९१२ मध्यें हत्ती सुधारला. म्हणून १९११ चा रुपया संग्राहकांस अधिक प्रिय. चुकीला मोल येतें तें असें!

आमचा रुपया घेऊन आम्ही दोघे बंधु कोटांतील एका जाणत्या नाणेविक्रेत्याकडे गेलों. त्यानें भिंग लाविलें आणि पहिलाच प्रश्न केला, “हा घांसतां कां?” आम्हीं अभिमानानें सांगितलें कीं, आमच्या घरीं दरवर्षीं चिंच व राख लावून रुपये लख्ख करण्याची शिस्त आहे. तो हंसला. मिशांचे केस गेले होते, मागील सिंहाची आयाळ सपाट झाली होती. तो म्हणाला, “हात न लावतां ठेवला असता, तर याचे कितीतरी पट आले असते. आतां चांदीहून थोडें अधिक, इतकेंच.” परततांना भांडुप येईपर्यंत आम्ही गप्प होतों. बंधूंनीं लोभानें पांच हजार घालविले. आम्हीं शिस्तीच्या हौसेनें नाण्याचें मुखच घालविलें, आणि तें तीस वर्षें! मग कोणी कोणास बोल लावावा?

वाचकांस दोन गोष्टी सांगावयाच्या. रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२१ मध्यें जाहीर केलें आहे कीं, जुन्या नाण्यानोटांच्या खरेदीविक्रीसाठीं शुल्क वा दलाली घेण्याचा अधिकार तिनें कोणासही दिलेला नाहीं. जो विकत घेणार, तोच पैसे मागतो, ही गोष्ट व्यवहारास धरून नाहीं, एवढें तरी ओळखावें. दुसरें असें कीं, जुनें नाणें घांसूं नये, कडांना धरावें आणि कोरड्या कागदी पुडींत ठेवावें. शंभर वर्षांवरील नाणें परदेशीं पाठविण्यास १९७२ च्या कायद्यानें बंदी आहे, हेंही ध्यानांत असावें.

रुपया विकला नाहीं. पुतण्याचें शुल्क आम्हीं आमच्या ठेवींतून भरलें. तें आम्हीं आधींच विचारून भरावयास हवें होतें. रुपया पुडींत घातला, आणि तीवर आजोबांचें नांव व ‘दारेसलाम’ एवढें लिहून ठेवलें. संस्कृतांत संचय म्हणजे रचून ठेवणें आणि संग्रह म्हणजे नीट धरून ठेवणें. आमच्या घरीं आजवर संचय होता. संग्रहास यंदापासून आरंभ झाला आहे. येत्या दिवाळींत तबकांत तो जरा काळवंडलेलाच मांडावा, असें सूनबाईंस आम्हीं सांगून ठेविलें आहे.